सत्काराआधीची पंधरा वर्षं

मराठवाड्यातली एखादी मुलगी मालिकेत नाहीतर सिनेमात दिसायला लागली की तिच्या गावच्या चौकात फ्लेक्स लागतो. नगर परिषदेत सत्कार होतो, शाळा तिला स्नेहसंमेलनाला बोलावते, स्थानिक पेपरात आई-वडिलांची मुलाखत येते. यात वाईट काही नाही. ज्या भागाची बातमी बहुतेक वेळा दुष्काळाची नाहीतर आत्महत्येची असते, त्या भागाला आपल्या लेकीचं कौतुक करावंसं वाटणारच. पण तिचं कॉलेज संपल्यापासून हा सत्कार होईपर्यंत मध्ये दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात. त्या वर्षांत मराठवाड्यानं तिच्यासाठी काय केलं, हे त्या मंचावर कुणी विचारत नाही. माझं उत्तर असं आहे की जवळजवळ काहीच केलं नाही. आणि हा दोष एखाद्या आई-बापाच्या किंवा एखाद्या दिग्दर्शकाच्या माथी मारून सुटका होणार नाही. महापालिका, नगर परिषदा, विद्यापीठं, एसटी महामंडळ आणि सांस्कृतिक कार्य विभाग या सगळ्यांच्या कामाचा हा प्रश्न आहे.

मुली इथं अभिनय करतात आणि जीव ओतून करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव एकदा दिवसभर बसून पाहा. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, भारूड, जलसा. केजची, कंधारची, सेलूची, भोकरदनची मुलगी, जिनं कधी तिकीट काढून नाटक पाहिलेलं नाही, ती मंडपात बसलेल्या दीड-दोन हजार पोरांना गप्प करते. आवाज तिचा, बोली तिची, आणि सासू कशी बसते, बाजारातली बाई पिशवी कशी धरते हे तिनं डोळ्यांनी टिपलेलं. अशा मुली दर वर्षी दिसतात. त्यातल्या बहुतेक पुढच्या वर्षी दिसत नाहीत.

कुठं जातात? पहिलं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांची लग्नं होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के निघालं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. म्हणजे युवक महोत्सवाच्या मंचावर पोचलेली मुलगी एक मोठी लढाई आधीच जिंकून आलेली असते. तिनं बारावी पार केलेली असते, घरच्यांना थोपवून धरलेलं असतं. अशा मुलीला पदवीनंतर 'मला नाटकात काम करायचं आहे' असं घरी सांगायचं असेल, तर तिच्या हातात काय असतं? अभिनयाचं रौप्यपदक आणि प्रमाणपत्र. महिन्याला किती मिळतील, तालीम किती वाजता संपेल, घरी कोण सोडेल, या बापाच्या तीन प्रश्नांना तिच्याकडं उत्तर नसतं. हे प्रश्न मागासलेपणाचे आहेत असं म्हणायची आपल्याकडं सवय आहे. मला ते रास्त वाटतात. नोकरीला निघालेल्या पोरीच्या बापानं हेच विचारलं असतं.

इथल्या हौशी नाटकाचा दिवस कसा असतो ते सांगितल्याशिवाय हे नीट कळणार नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि गावोगावच्या नाटक मंडळींचं वर्ष तिच्याभोवती फिरतं. संघात शिक्षक असतात, बँकेतले, वीज मंडळातले, मेडिकल दुकान चालवणारे असतात. सगळे दिवसभर कामावर. म्हणून तालीम रात्री आठला सुरू होते आणि अकराला संपली तर लवकर संपली म्हणायची. जागा म्हणजे एखाद्या शाळेचा वर्ग, लग्नसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालय, नाहीतर कुणाच्या तरी घराची गच्ची. तिथं बाईसाठी धड स्वच्छतागृह असेल असं नाही. तालमी संपवून बाप्ये मोटारसायकलीवर बसून निघून जातात. मुलगी तालुक्याच्या गावाहून येत असेल तर शेवटची एसटी कधीच गेलेली असते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि त्याचा फायदा मराठवाड्यातल्या बायांनी मनापासून घेतला. पण जी गाडीच नाही तिचं अर्धं तिकीट काय कामाचं?

याचा परिणाम थेट नाटकाच्या निवडीवर होतो. संहिता हातात घेतली की आमचे दिग्दर्शक आधी पात्रांची यादी बघतात. स्त्रीपात्रं तीन असतील तर नाटक कितीही चांगलं असो, बाजूला पडतं. एक असेल तर विचार होतो. एकही नसेल तर सुटकेचा निःश्वास टाकला जातो. एक भूमिका असली तरी ती बहुधा अशा अभिनेत्रीकडं जाते, जी तीन संघांची गरज एकटी भागवते, नाहीतर दुसऱ्या शहरातून प्रवासखर्च देऊन बोलावली जाते. नवी मुलगी उभी राहणार कुठून? भूमिका नाहीत म्हणून मुली येत नाहीत, आणि मुली येत नाहीत म्हणून लेखकही बायकांच्या भूमिका लिहीत नाहीत. स्पर्धेसाठी लिहिलेल्या इथल्या नव्या संहिता चाळल्या तर बाई एकतर मेलेली आई असते, नाहीतर शेतकऱ्याची रडणारी बायको. मराठवाड्यातल्या बाईचं आयुष्य एवढंच आहे का?

नटीची वाट कुठंच सोपी नव्हती, हे मला मान्य आहे. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर आल्या, तेव्हा बाईनं कॅमेऱ्यासमोर उभं राहणं कुणाला मानवत नव्हतं. मराठी रंगभूमीवर कुलीन म्हणवणाऱ्या घरातल्या बायका वावरायला १९३३ उजाडावं लागलं. त्या साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्याकडं हे घडत होतं तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. साध्या सभेला परवानगी काढावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं. आपण उशिरा सुरुवात केली हे खरं, पण त्यानंतर पाऊण शतक उलटून गेलंय. निजाम हे कारण आता पुरत नाही.

उलट उशिरा सुरुवात करूनही इथं फार मोलाचं घडलं. बाबासाहेबांनी औरंगाबादला उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात पन्नासच्या दशकात म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' हे नाटक झालं, आणि दलित रंगभूमीचा एक मोठा प्रवाह तिथून निघाला. पुढं विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग उघडला. कमलाकर सोनटक्के यांच्यासारखा राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेला माणूस तिथं शिकवायला आला. या शहरातच 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी एकत्र आली: प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी, प्रतीक्षा लोणकर आणि त्यांचे सोबती.

प्रतीक्षा लोणकरांची कारकीर्द या लेखात थांबून पाहण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या 'चारचौघी'त वंदना गुप्ते, दीपा श्रीराम, आसावरी जोशी यांच्या बरोबरीनं ही औरंगाबादची मुलगी उभी होती. नाटक चार बायकांचं, आणि लिहिणारा दळवी व बसवणारा कुलकर्णी दोघंही औरंगाबादेत घडलेले. मग दूरदर्शनवर 'दामिनी' ही मालिका आली आणि नाटक न पाहणाऱ्या घरांतही ती पोचली. 'इक्बाल' सिनेमात तिनं मुक्या-बहिऱ्या पोराची आई केली. त्या आईला उगाच हुंदके दिलेले नाहीत. घर सांभाळणारी, नवऱ्याचा धाक ओळखून असलेली आणि तरीही पोराच्या बाजूनं हळूच सरकणारी ही बाई आपल्याकडच्या हजार घरांत दिसते. ही नजर मुंबईत शिकून येत नाही. तिचं शिक्षण इथं झालं, उमेदीची तालीम इथं झाली. काम मात्र इथं नव्हतं. म्हणून ती गेली, आणि तिचा सगळा चमूही गेला. त्यांनी जायला नको होतं असं मी म्हणत नाही. गेले म्हणूनच मराठी नाटकाला 'चारचौघी' मिळालं. माझी तक्रार पुढच्या काळाबद्दल आहे. त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळ लोटला आणि आजही नाट्यशास्त्र शिकलेल्या मुलीला आपण तोच एक रस्ता दाखवतो. तेव्हा निदान मित्रांचा एक जथा सोबत गेला होता. आता एकेक मुलगी एकटी जाते, अंधेरी-गोरेगावला चौघींत एक खोली घेते आणि ऑडिशनच्या रांगेत आपली बोली आधी पुसून टाकते.

मराठवाडा आणि नटी यांचं एक वेगळं नातं मला आणखी अस्वस्थ करतं. हंसा वाडकर पडद्यावरची नामवंत नटी होती. तिची भूमिका असलेला 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा तमाशापट पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. याच नावानं पुढं तिनं आत्मकथन सांगितलं. लहान वयात घराला पोसण्यासाठी सिनेमात ढकललेली ही मुलगी आयुष्यभर घर शोधत राहिली. त्या शोधात ती एकदा मराठवाड्यातल्या एका घरी येऊन पडली, आधीच्या बायका असलेल्या माणसाची आणखी एक बायको म्हणून. जिचा चेहरा अख्खा महाराष्ट्र ओळखत होता, ती वाड्याच्या भिंतीआड काही वर्षं काढते आणि तिथून सुटायला तिला बाहेरून मदत लागते. मराठीतल्या एका मोठ्या अभिनेत्रीच्या आयुष्यात आपला प्रदेश आला तो असा, उंबरठ्याआतला. ती कहाणी एका घराची होती, साऱ्या मराठवाड्याची नव्हे. पण आज युवक महोत्सवात पदक घेतलेली मुलगी लग्नानंतर ज्या गावात जाते, तिथं तिनं पुन्हा रंगमंचावर पाऊल टाकावं अशी एक तरी सोय आहे का, हे प्रत्येकानं आपल्या तालुक्यापुरतं तपासून पाहावं.

आणि जी बाई इथं खरोखर अभिनयावर पोट भरते, तिला आपण अभिनेत्री म्हणतच नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत राहुट्या लागतात, लावणी महोत्सव होतो, तमाशाचे फड उभे राहतात. फडावरची बाई गण-गवळणीपासून वगापर्यंत रात्रभर उभी असते. वगात राणी करते, फसवली गेलेली शेतकरीण करते, समोरच्या सोंगाड्याच्या ऐनवेळच्या कोटीला तिथंच उत्तर देते. हजारो माणसांसमोर आवाज न फाटू देता हे करणं काय असतं, ते कोणत्याही नाट्यशाळेच्या विद्यार्थ्याला विचारा. विठाबाई नारायणगावकर आणि कांताबाई सातारकर तर स्वतःच्या नावाचे फड घेऊन महाराष्ट्रभर फिरल्या. बाई मालकीण आणि पुरुष तिच्या हाताखाली, हे चित्र पांढरपेशा रंगभूमीनं फार क्वचित पाहिलं. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून दोनदा सन्मान मिळाला, तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चाची भ्रांत होती. धाराशिव-बीडकडच्या कला केंद्रांत नाचणाऱ्या मुलींबद्दल तर आपण बोलतो ते फक्त गुन्ह्याची बातमी आली की. मराठवाड्यातल्या अभिनेत्रीचा विचार करताना या बायांना वगळून पदवीधर मुलींपुरतं बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. कामाचा मोबदला, निवासाची सुरक्षित जागा, म्हातारपणाची तरतूद: दोघींच्याही गरजा एकच आहेत.

सरकार काही देतच नाही असं नाही. वृद्ध कलावंतांना महिना ५,००० रुपये मानधन मिळतं. ते मिळालंच पाहिजे. पण ते वयाच्या पन्नाशीनंतर. पंचविशीतल्या मुलीला कलावंत म्हणून टिकवणारी एकही योजना तिच्या तालुक्यापर्यंत पोचत नाही. संमेलनं होतात. २०१७ ला ९७ वं नाट्यसंमेलन उस्मानाबादेत झालं, जयंत सावरकर अध्यक्ष होते, गाव तीन दिवस सजलं, लोकांनी मध्यरात्र उलटेपर्यंत नाटकं पाहिली. प्रेक्षक नाही ही तक्रार तिथंच खोटी ठरली. पण मंडप उतरल्यावर गावात उरलं काय? नाट्यगृहांची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे. संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद राहिलं. परभणीच्या नटराज रंगमंदिराची दुरवस्था पाहत एक पिढी मोठी झाली. मोडक्या खुर्च्यांचे फोटो पेपरात येतात. महिला रंगपटाच्या, म्हणजे बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या, दाराला कडी नसते, याचा फोटो येत नाही.

माझी मागणी एका गोष्टीवर येऊन थांबते, आणि ती म्हणजे पगार. अभिनयाचा पगार दिला की तालीम दिवसा घेता येते. तालीम दिवसा झाली की शेवटच्या एसटीचा प्रश्न बराचसा सुटतो, लेकुरवाळी बाई येऊ शकते, आणि बापाच्या तीन प्रश्नांना उत्तर मिळतं. मुलींना प्रोत्साहन द्या, मानसिकता बदला, असं आपण वर्षानुवर्षं बोलतोय. मानसिकता भाषणानं बदलताना मी पाहिलेली नाही. पोरगी सकाळी दहाला कामावर जाते आणि सहाला घरी येते, महिन्याला तिच्या खात्यावर पैसे पडतात, हे शेजारच्यांनी पाहिलं की बदलते. शिक्षिका, नर्स, पोलीस भरतीतल्या मुली यांच्याबाबतीत मराठवाड्यानं हे गेल्या चाळीस वर्षांत अनुभवलंय.

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा शेजारी आहे. कर्नाटक सरकारनं १९८९ मध्ये म्हैसूरला नाट्यदिग्दर्शक ब. व. कारंतांच्या पुढाकारानं 'रंगायण' ही नाट्यसंस्था सुरू केली. वेतनावरच्या नटनट्यांचा कायमचा संच. पुढं त्याची केंद्रं धारवाड, शिवमोग्गा आणि कलबुर्गीला झाली. कलबुर्गी म्हणजे आपलं जुनं गुलबर्गा. तेही निजामाचंच, तिथलीही जमीन तहानलेली, तिथल्याही तुरीचे भाव असेच पडतात. लातूरहून ते पुण्यापेक्षा जवळ आहे. त्याच राज्यात हेग्गोडू या लहानशा खेड्यातून 'नीनासम' या नाट्यसंस्थेचा 'तिरुगाट' हा संच १९८५ पासून गावोगाव नाटकं घेऊन फिरतोय. जे गुलबर्ग्याला जमलं ते नांदेडला का जमू नये?

यावर लोक म्हणतात, आधी प्यायला पाणी द्या, मग नाटकाचं बघू. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसानं हे म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकेन. पण हे वाक्य बहुतेक वेळा जे बोलतात त्यांच्याच सभागृहांत कमानींना, पुतळ्यांच्या सुशोभीकरणाला, महोत्सवात एका रात्रीसाठी आणलेल्या मुंबईच्या तारकेला पैसे मंजूर होतात. बारा-पंधरा कलावंतांच्या संचाचा वर्षाचा पगार त्यापुढं फार नाही. दुसरा आक्षेप असा की पुरुषांनाही इथं काम नाही, तेही मुंबईलाच जातात. खरं आहे. मकरंद अनासपुरे गेले, नंदू माधव गेले, संदीप पाठक गेले. पण मुलगा जाऊन फसला तर दोन वर्षांनी परत येतो आणि बापाच्या दुकानात बसतो. फसून परत आलेल्या मुलीला गाव काय म्हणतं ते लिहून दाखवायची गरज नाही. म्हणून बहुतेकींना जाऊच दिलं जात नाही, आणि त्यांच्यासाठी इथलं काम हेच एकमेव काम आहे.

मोबाइलनं थोडं दार उघडलं हे नाकारता येत नाही. खेड्यात चित्रित होणाऱ्या वेब मालिकांत आज शेतात राबणाऱ्या बायाही झकास काम करताना दिसतात, बोली न पुसता. मला त्याचा आनंद आहे. फक्त तिथं करार नसतो, व्हिडिओ लाखोंनी पाहिला तरी बाईच्या हातात दिवसाची मजुरी पडते, आणि खालच्या घाणेरड्या शेऱ्यांना तोंड तिला एकटीलाच द्यावं लागतं.

सुरुवात मोठी नको. संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाला जोडून एक आणि नांदेडला एक, असे दोन वेतनिक संच पुरेत. निम्म्या जागा स्त्रियांच्या, त्यातही दोन-तीन फडावरून आलेल्या कलावतींसाठी, पदवीची अट न घालता. तीन वर्षांचा करार, बाळंतपणाची रजा, स्वतःची गाडी. वर्षाला दोन नाटकं बसवायची आणि प्रत्येक तालुक्यात न्यायची. संहिता निवडताना किमान तीन स्त्रीभूमिका असल्याच पाहिजेत, म्हणजे लेखकांनाही लिहावं लागेल. बाकीच्या जिल्ह्यांत नगर परिषदांनी नाट्यगृहातली एक खोली दुपारी तालमीसाठी नाममात्र भाड्यानं द्यावी, महिला रंगपट आणि स्वच्छतागृह आधी दुरुस्त करावं, मग खुर्च्यांचं बघावं. स्पर्धेच्या महिन्यात तालुक्याला जाणारी रात्रीची एक एसटी जादा सोडण्यासाठी आगारप्रमुखाला एक पत्र पुरतं. ते नाट्य परिषदेच्या शाखांनी अजून लिहिलेलं नसेल तर या दिवाळीआधी लिहावं. महापालिकांची अंदाजपत्रकं फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतात. त्याआधी रंगकर्मींनी, आणि मुख्यतः रंगकर्मी बायकांनी, आपापल्या नगरसेवकाच्या हातात हा खर्चाचा कागद ठेवला पाहिजे. आकड्यांसह, लेखी, आणि पोच घेऊन.